किलोच्या भावात गेलेला संगणक

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी शेजारचा मुलगा कापडी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. भाजी असावी असं वाटलं. त्याच्या आईने अळूची पानं पाठवण्याचं कबूल केलं होतं. पिशवीतून निघाले पाच हिरवे सर्किट बोर्ड, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, धुळीने माखलेले. मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भाईंदर पूर्वेला नवघर रस्त्याच्या आतल्या बाजूला, जिथे स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यांची रांग आहे, तिथल्या एका भंगारवाल्याकडून त्याने हे बोर्ड नऊशे रुपयांना आणले होते.

"काका, पीडीपी-११चे आहेत म्हणाला तो. मिनिकॉम्प्युटर. पन्नास वर्षांपूर्वीचा."

मी चष्मा पुसला. एक बोर्ड डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा होता, त्याबद्दल वादच नव्हता. प्रिंटहेडच्या पट्ट्या लावायच्या जागेवर आमच्या कार्यालयातली निम्मी भांडणं होत असत. दोन बोर्ड टेलिफोन एक्स्चेंजमधले वाटले, ओळीने बसवलेल्या रिले तेच सांगत होत्या. चौथ्याचं काही कळेना. पाचव्याच्या कडेला मात्र जांभळट गुलाबी रंगाची प्लास्टिकची मूठ होती आणि तिच्यावर ठसठशीत आकडा होता : एम-७८००.

"नऊशेपैकी सगळे पैसे या एकाचे समज," मी म्हटलं, "बाकीचे चार त्याने तुला भेट दिले."

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला हे कसं कळलं, असा प्रश्न मुलाच्या चेहऱ्यावर होता. तो वाचकांच्याही मनात येईल, म्हणून थोडं मागे जातो.

मी बँकेत लागलो १९८२ साली, कारकून म्हणून. त्या वेळी संगणक हा शब्द आमच्या युनियनच्या सभेत शिवीसारखा वापरला जाई. एक यंत्र दहा जणांच्या नोकऱ्या खाणार, असं गणित फळ्यावर मांडून दाखवलं जायचं आणि माझ्यासारखी बावीस वर्षांची पोरं घसा बसेपर्यंत घोषणा देत. मी दिल्या आहेत. १९८३ साली बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्याच सुमाराला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं, विभागीय कार्यालयांत मिनिकॉम्प्युटर आणि मुख्यालयात मोठे संगणक, अशी साधारण ती रचना होती. अधिकारी म्हणून बढती मिळाल्यावर १९८६ साली माझी बदली विभागीय कार्यालयाच्या कॉम्प्युटर सेलमध्ये झाली. घोषणा देणाऱ्या घशाला वातानुकूलित खोलीत बसवून वरिष्ठांनी माझी थट्टा केली, असं युनियनमधले मित्र म्हणत. मला वाटतं, त्यांना फक्त इंग्रजी मॅन्युअल वाचणारा माणूस हवा होता.

मिनिकॉम्प्युटर या नावाची आज गंमत वाटते. गोदरेजच्या कपाटाएवढी ती वस्तू होती. मिनी कशाच्या तुलनेत, तर मजला भरून टाकणाऱ्या मोठ्या संगणकांच्या. आमचं यंत्र देशी बनावटीचं होतं. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे. खोलीबाहेर चपलांची रांग बघून एकदा एका खातेदार आजींनी आत कुठला देव आहे म्हणून विचारलं होतं. यंत्राचं दार उघडलं की आत पुस्तकांच्या कप्प्यासारखी उभी कार्डं दिसत. बंद पडलं की देखभाल करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येई, एक कार्ड ओढून काढी, दुसरं सरकवी, आणि जिल्ह्याचा ताळेबंद पुन्हा सुरू होई.

१९९७ साली ते यंत्र निकालात निघालं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये घसारा वजा होत होत त्याची किंमत एक रुपया उरली होती. भंगारविक्रीच्या कागदावर सही माझी आहे. वस्तूचं वर्णन या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं : 'जुने संगणक साहित्य, मिश्र, ३१२ किलो.' अकरा रुपये किलोने तीन हजार चारशे बत्तीस रुपये आले. हिशेब पैशापर्यंत जुळला. ऑडिटरने त्यावर साधी टिकमार्कसुद्धा जास्तीची केली नाही.

पुढे निवृत्तीनंतर त्या काळावर कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा माझी खरी पंचाईत झाली. एका प्रकरणात पात्र यंत्राचं दार उघडतं. आत काय दिसतं? किती कार्डं होती, कुठल्या क्रमाने, त्यांच्यावर काय लिहिलं होतं? अकरा वर्षं रोज ज्याच्यासमोर बसलो, त्याचं पोट मला आठवेना. फोटो नाही. रजिस्टर नाही. माझ्याच अक्षरातलं 'मिश्र' एवढं एक विशेषण शिल्लक. शेवटी त्या प्रकरणात मी दार उघडू दिलं नाही. पात्राला चहा प्यायला बाहेर पाठवलं. वाचकांच्या लक्षात आलं नाही, पण मला ते पान आजही डाचतं. तेव्हापासून जुन्या यंत्रांची कार्डं ओळखायचा नाद लागला. लॅमिंग्टन रोडवरची दुकानं, चोर बाजारातला शुक्रवारचा बाजार, साकीनाका, कुर्ला, आणि घराजवळ म्हणून भाईंदरचे गाळे. घरात जागा नाही, त्यामुळे विकत घेतो थोडं, बघतो जास्त.

आता त्या एम-७८०० कडे वळू.

अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे डेकने, १९६५ साली पीडीपी-८ हा संगणक अठरा हजार डॉलरला विकायला काढला आणि प्रयोगशाळेला, कारखान्याला परवडेल असा संगणक ही कल्पना जगात रुजली. १९७० साली पीडीपी-११ आला. या कंपनीची एक चांगली सवय म्हणजे प्रत्येक कार्डाच्या मुठीवर एक अक्षर आणि आकडा. अक्षराचा संबंध मुठीच्या रंगाशी होता. इंग्रजी रंगांची आद्याक्षरंच ती : आर म्हणजे रेड, बी म्हणजे ब्ल्यू, डब्ल्यू म्हणजे व्हाइट, जी म्हणजे ग्रीन, ए म्हणजे अंबर आणि एम म्हणजे मॅजेंटा. लाल आणि निळ्या मुठीची कार्डं साठच्या दशकातली, सुट्या ट्रान्झिस्टरांची. मॅजेंटा म्हणजे इंटिग्रेटेड सर्किटचा, ज्याला आपण चिप म्हणतो तिचा जमाना. बँकेत चेकच्या रंगावरून सेव्हिंग की करंट हे लांबून कळायचं, तसंच हे.

एम-७८०० हे पीडीपी-११ला टेलिप्रिंटर किंवा टर्मिनल जोडण्याचं कार्ड. म्हणजे माणसाने काही टाइप केलं की ते यंत्राच्या कानात सांगणारा हा दुभाषा. असे आकडे शोधायचे तर डेकच्या कार्डांच्या छापील याद्या आज कुणीही घरबसल्या पाहू शकतो. एम-७२६४ म्हणजे १९७५ साली आलेल्या एलएसआय-११चा प्रोसेसर. एम-८१८६ म्हणजे पीडीपी-११/२३चा. एम-८३०० आणि एम-८३१० या जोडीतून पीडीपी-८/ईचा मेंदू तयार होतो. दोन्ही कार्डं डोक्यावरच्या जोडपट्टीने एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे एकटं एम-८३०० कितीही चकचकीत असलं तरी ते अर्धंच डोकं.

विकणारे इथेच फसवतात, किंवा स्वतः फसलेले असतात. माझा अनुभव असा की भंगारवाल्यांपेक्षा 'अँटिक' अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराला जास्त सांभाळावं लागतं. भंगारवाला ज्याचा भाव ठाऊक नाही त्याचं वजन करतो. दुकानदार ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला पीडीपी म्हणतो.

मूठ रिव्हेटने बसवलेली असते. ती तुटते, बदलताही येते. म्हणून नुसत्या मुठीवर विश्वास ठेवू नये. कार्ड उलटं करून तांब्याच्या रेघांमध्ये कोरलेला आकडा शोधावा. डेकच्या कार्डांवर ५० ने सुरू होणारा लांब आकडा असतो. तो सुटे भाग न बसवलेल्या कोऱ्या पट्टीचा क्रमांक. सुटे भाग जोडून तयार झालेल्या कार्डाचा क्रमांक ५४ ने सुरू होतो. मूठ एक सांगते आणि तांबं दुसरंच सांगतं, असं दिसलं तर पाकीट खिशात परत ठेवावं. आम्ही सही पडताळताना नमुना कार्ड काढून बघायचो. समोरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी.

त्यानंतर कडेचे सोनेरी दात मोजावे. डेकच्या कार्डाची खालची कडा दातांच्या गटांत विभागलेली असते. एका गटात एका बाजूला अठरा दात. दोन गटांचं कार्ड साधारण सव्वापाच इंच रुंद, चार गटांचं साडेदहा इंच, सहा गटांचं पावणेसोळा. आमच्या एम-७८००ला चार गट, म्हणजे एका बाजूला बहात्तर दात. मुलाने मोजले, बहात्तर भरले. हा मापाचा नियम सगळ्यांना लागू होत नाही. डेकमधून बाहेर पडलेल्या लोकांनी १९६८ साली काढलेल्या डेटा जनरलच्या नोव्हा संगणकाची कार्डं पंधरा इंच लांब आणि तेवढीच रुंद, चौरस, पाटासारखी. एवढा मोठा चौरस बोर्ड कुणी पीडीपीचा म्हणून विकत असेल तर त्याला नम्रपणे नमस्कार करून निघावं. किंवा काही न बोलता विकत घ्यावा, कारण नोव्हाही काही रस्त्यावर पडलेला नाही.

दात बसतात म्हणून कार्डही चालेल, असंही नाही. चार गटांचं कार्ड पीडीपी-८/ईचं असू शकतं, पीडीपी-११चं असू शकतं, एलएसआय-११चं असू शकतं. खाच सारखी, आतल्या तारांचा अर्थ वेगळा. भलत्या खाचेत सरकवून वीज दिली तर कार्डही जातं आणि यंत्रही. एकाच कुलपात दोन किल्ल्या फिरतात, पण एक किल्ली घरच जाळते, असं काहीसं.

मला सगळ्यात आवडतो तो तारखेचा खेळ. प्रत्येक चिपवर दोन ओळी असतात. एकीत चिपचं नाव, दुसरीत चार आकडी तारीख : पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन आठवडा. ७५१८ म्हणजे १९७५चा अठरावा आठवडा, मे महिन्याची सुरुवात. गोची अशी की त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध चिपांची मालिकाच ७४ या आकड्याने सुरू होते. ७४३२ लिहिलेलं दिसलं तर ती चार 'ऑर' गेट असलेली चिप आहे, की १९७४च्या ऑगस्टमध्ये तयार झालेली भलतीच कुठली चिप? मुलगा इथे अडला. त्याला म्हटलं, वर्षात आठवडे किती? बावन्न, फार तर त्रेपन्न. म्हणजे ७४७४ ही तारीख असूच शकत नाही, ७४८६ही नाही, आणि शून्यावा आठवडा नसतो म्हणून ७४००ही नाही. उरलेल्यांसाठी आजूबाजूची अक्षरं बघायची. आकड्याच्या आगेमागे एसएन, डीएम, एन अशी अक्षरं चिकटलेली असतील तर ते नाव. एकटा पडलेला आकडा बहुधा तारीख. एकाच चिपवर दोन्ही ओळी ७४ने सुरू झाल्या की मात्र शब्दकोडं सोडवल्याचा आनंद मिळतो.

कार्डाचं वय ठरवायचं ते बहुसंख्य चिपांच्या तारखांवरून. आमच्या कार्डावरच्या जवळजवळ सगळ्या तारखा १९७४ आणि १९७५च्या होत्या. एकच चिप १९८३ची. याचा अर्थ कुणीतरी १९८३ साली किंवा त्यानंतर हे कार्ड दुरुस्त केलं. डागकाम किंचित जाड होतं, पण स्वच्छ होतं. विकणारे अशा कार्डाची किंमत पाडतात किंवा ती चिप लपवतात. मला उलट वाटतं. दुरुस्त केलेलं कार्ड म्हणजे कुणाला तरी चालू हवं होतं ते कार्ड.

रिकामी खोबणी दिसली की घाबरू नये आणि निश्चिंतही राहू नये. एलएसआय-११च्या प्रोसेसर कार्डावर मोठ्या चिपांसाठी पाच खोबणी असतात. चार भरलेल्या हव्यातच, पाचवी ऐच्छिक. तेव्हा चार भरलेल्या, एक मोकळी, असं कार्ड पूर्ण आहे. तीन भरलेल्या, दोन मोकळ्या, असं असेल तर कुणीतरी हात मारला आहे. सोन्यासाठी दात कापून घेतलेली कार्डंही बाजारात येतात, कापलेली कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेली असते. फोटोत ती कडा नेमकी चौकटीबाहेर असते. दोन्ही बाजूंचे आणि चारही कडांचे फोटो मागावेत, आणि 'तपासलेलं नाही' याचा अर्थ 'बंद आहे' असा धरूनच पैसे द्यावेत.

एक गोष्ट हाती लागली तर मात्र घासाघीस करू नये. मॅग्नेटिक कोअर मेमरी. राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान अशा काळ्या कड्या, तारांमध्ये ओवलेल्या. पीडीपी-८/ईच्या एका संचात ४०९६ शब्द, प्रत्येक शब्द बारा बिटांचा, म्हणजे ४९,१५२ कड्या. हा संच तीन कार्डांचा असतो : जी-१०४, एच-२२० आणि जी-२२७. कड्यांचं जाळं मधल्या एच-२२०वर. सुंदर दिसतं म्हणून लोक तेवढंच काचेच्या चौकटीत लावतात आणि बाकीची दोन फेकून देतात. ही स्मृती चुंबकाची असल्याने वीज गेली तरी पुसत नाही. बंद पडलेल्या त्या जाळ्यात शेवटच्या दिवशी कुणी काय मोजत होतं, ते अजून तसंच असू शकतं. भिंतीवर, काचेमागे.

हे झालं अमेरिकन कार्डांचं. या माहितीसाठी मला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. आपल्या कार्डांची गोष्ट वेगळी आहे, आणि आजचा सगळा लेख खरं तर तिच्यासाठी आहे.

मुंबईला या विषयातला इतिहास कमी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक १९६० साली पूर्ण झाला. १९६२ साली नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. पवईच्या आयआयटीत साठच्या दशकात सोव्हिएत मिन्स्क आला. आणि ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९६९ साली टीडीसी-१२ तयार झाला. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. पीडीपी-८सारखाच तोही बारा बिटांचा. हैदराबादच्या ईसीआयएलने तो बाजारात आणला आणि सत्तरच्या दशकाच्या मध्याला टीडीसी-३१२, टीडीसी-३१६ हे पुढचे भाऊही. वाशी-मानखुर्दच्या लोकलमधून जाताना डावी-उजवीकडे बघणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की भारतीय मिनिकॉम्प्युटरच्या नावातलं पहिलं अक्षर त्या टेकडीचं आहे? १९७८ साली आयबीएम भारतातून निघून गेली. डीसीएम, एचसीएल, ओआरजी अशा कंपन्या मिनिकॉम्प्युटरच्या धंद्यात उतरल्या. डेकची भारतातली बाजू हेमंत सोनावाला यांची हिंदिट्रॉन ही मुंबईची कंपनी सांभाळत होती. गेलेल्या आयबीएमच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली.

या देशी यंत्रांची कार्डं ओळखायची तर मुठीचे रंग उपयोगाचे नाहीत. छापील यादी शोधण्यापेक्षा त्यांच्यावर काम केलेला माणूस गाठणं सोपं, आणि तो माणूस आज सत्तरी-ऐंशीत आहे.

आमच्या विभागीय कार्यालयात येणारा तो देखभालीचा इंजिनिअर भाईंदर पश्चिमेला राहतो. पुढच्या रविवारी मी मुलाला आणि चौथ्या, न ओळखलेल्या बोर्डाला घेऊन त्याच्याकडे गेलो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. त्याने बोर्ड खिडकीशी नेऊन तिरपा धरला, मग बोटाने चाचपला. कोपऱ्यात एक छोटा स्क्रू होता, त्याच्यावर लाल ठिपका. तो हसायला लागला. "हे आमच्या लोकांचं काम. पॉवर सप्लायचं कार्ड आहे हे, मिनीचं. व्होल्टेज लावून झालं की स्क्रू कुणी हलवू नये म्हणून नेलपॉलिशचा थेंब टाकायचो. कंपनी लाख पुरवायची, पण ती कधीच वेळेवर नसायची. घरी बायकोची बाटली संपली की रात्री हिशेब व्हायचा." त्याने मुलाला त्या यंत्रात हे कार्ड कुठल्या कप्प्यात बसायचं ते हाताने हवेत दाखवलं. वरून तिसरं, डावीकडे, पंख्याच्या मागे. अकरा वर्षं मी ज्याच्यासमोर बसलो, ते कपाट पहिल्यांदा माझ्यासमोर उघडलं.

मी घरी येऊन ते लिहून काढलं. मुलाने त्याचा आवाज फोनवर टिपून घेतला. अशी किती माणसं असतील, आणि त्यांच्याकडे जाऊन बसणारी किती?

सरकारी कार्यालयं, बँका, विद्यापीठं, रेल्वे यांच्याकडे माझं मागणं फार छोटं आहे. जुनं यंत्र निर्लेखित करताना डेड स्टॉक रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा. कपाटाचं दार उघडून एक फोटो, आणि प्रत्येक कार्डावरचा क्रमांक. कारकुनाचा अर्धा दिवस जाईल. मी या कामाला तीस वर्षं ओळखतो, अर्धा दिवस कुठे जातो हे मला सांगू नका. ई-कचऱ्याचे नियम २०११ साली आले, २०१२च्या मे महिन्यापासून लागू झाले. २०१६ आणि २०२२ साली ते बदलत गेले. आता मोठ्या संस्थेने तिचा कचरा नोंदणीकृत प्रक्रियाकाराकडेच द्यायचा असतो, आणि ते योग्यच आहे. पण नवघर रस्त्यावरच्या गाळ्यात निदान एखाद्या पोराची नजर पडते. प्रक्रियाकाराच्या चरकात टीडीसी आणि टीव्ही दोन्ही सारख्याच वेगाने दळले जातात, आणि मागे प्रमाणपत्र उरतं, वजनाचं. तेव्हा यादी करायची ती माल दाराबाहेर जाण्यापूर्वी. फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय मी नातवंडांना दोनदा दाखवलं आहे, फार देखणं आहे. नोटांचा हिशेब ज्यांनी ठेवला त्या कार्डांना तिथे एक फळी मिळाली तर मी तिसऱ्यांदा जाईन.

सोन्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण ही पुरवणी घरोघरी पोरं वाचतात आणि मोबाइलवर 'घरच्या घरी सोनं काढा' असले व्हिडिओही तीच बघतात. दातांवरचा सोन्याचा थर सहसा एका मायक्रॉनहून पातळ असतो. तो सुटावा म्हणून नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लं लागतात. त्यांच्या वाफेने फुप्फुसं जळतात. डागकामात कथिलाबरोबर शिसं असतं. गाळ्यांच्या मागे उघड्या टबात हे काम करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या बोटांच्या नखांचा रंग मला विसरता येत नाही. जुनं कार्ड हाताळलं तरी हात साबणाने धुवावेत, जेवणाच्या टेबलावर ते ठेवू नये. माझ्या बायकोने हा नियम मला कुठलाही अहवाल न वाचता पहिल्याच दिवशी घालून दिला होता.

आम्ही त्या गाळ्यात पुन्हा गेलो. भंगारवाला मूळचा उत्तर प्रदेशातला, पंचवीस वर्षं इथे आहे, मराठी चांगलं बोलतो. त्याला मी खरं ते सांगितलं : पाचातलं एक कार्ड मोलाचं होतं, आणि अशी मूठ, असा आकडा दिसला तर किलोच्या भावात देऊ नकोस, आधी विचार. तो म्हणाला, "काका, तुम्ही स्वतःचंच नुकसान करताय. आता पुढच्या वेळी मी जास्त मागणार." मी म्हटलं, माग. तीन हजार चारशे बत्तीस रुपयांचा एक व्यवहार माझ्या खात्यावर आहेच. हे त्याला कळलं नाही, पण त्याने मुलाचा नंबर घेतला.

काल संध्याकाळी मुलाचा फोन वाजला. गोरेगावच्या कुठल्यातरी बंद कारखान्यातून एक लोखंडी कपाट आलंय, आत उभी कार्डं आहेत, मुठी नाहीत, आकडे आहेत. काट्यावर चढवू की थांबू? मुलाने "थांबा" म्हटलं आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागला. मी भाईंदर पश्चिमेला फोन लावून इंजिनिअरला विचारलं, रिक्षाने येता येईल का. तो म्हणाला, "टॉर्च घेऊन ये. आणि दार मी येईपर्यंत उघडू नका."